लेकरू रात्री का झोपत नाही?

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं गाव. सीतादहीची पूजा झाली की या सगळ्या मुलखात वेचणी सुरू होते आणि बाया सकाळी डबा बांधून वावरात जातात. वेचणीची मजुरी किलोवर. रात्री चारदा उठलेल्या बाईचा हात दुसऱ्या दिवशी मंद चालला की संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरतो आणि हातात पैसेही कमीच पडतात. तान्ह्या लेकराच्या झोपेवर शहरांत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात हा काटा कुठेच नसतो. तिथे बाळाची वेगळी खोली असते, कठड्याचा पलंग असतो, बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र असतं. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच, की लेकरू रातभर निजू देत नाही. या तक्रारीवर आजवर काय कळलं आहे, काय काय करून पाहिलं गेलं आहे आणि त्यातलं कापसाच्या गावातल्या एका खोलीच्या घरात काय कामाला येतं, ते इथे पाहायचं आहे.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास. म्हणजे झोप पुष्कळ असते, पण ती तुकड्या-तुकड्यांची. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन दीडेक तास चालतं, तान्ह्याचं पन्नास मिनिटं ते तासभर. आवर्तन संपलं की झोप पातळ होते आणि बाळ चुळबुळतं. त्यातही नवजाताची जवळपास निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांआड डोळे फिरतात, ओठ हलतात, बाळ मध्येच हसतं, कण्हतं. सटवाई हसवते-रडवते असं आपण म्हणतो ते हेच. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की तान्ह्या मुलांच्या पापण्यांची हालचाल तासन्‌तास बघत बसायचा. तिथून सुरू झालेला माग पुढे मोठ्यांच्या झोपेपर्यंत गेला आणि डोळ्यांच्या वेगवान हालचालींची झोप १९५३ साली शास्त्रात नोंदली गेली. आधुनिक निद्राशास्त्राची सुरुवात अशी सटवाईच्या अंगणातून झाली म्हणायला हरकत नाही. आईने यातून घ्यायचं ते इतकंच, की बाळ कण्हलं म्हणजे ते जागं झालं असं नव्हे. लगेच उचललं तर झोपेतलं बाळ खरंच जागं होतं. थोडं थांबून पाहिलं तर बरेचदा ते आपणच पुन्हा झोपी जातं.

दिवस कुठला आणि रात्र कुठली हे बाळाला जन्मतः कळत नाही. झोपेचं संप्रेरक, मेलॅटोनिन, रात्री वाढायचं आणि दिवसा उतरायचं हा क्रम दोन-तीन महिन्यांनी बसू लागतो. रडण्याचीही एक चाल आहे. जन्मानंतर ते वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळ झाली की हटकून सुरू होणारी किरकिर बहुधा याच काळातली. तिच्यावर दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला आणि चौथ्या महिन्यात ती थांबली, तर श्रेय अंगाऱ्याला मिळतं. अंगाऱ्याने निदान पोटात काही जात नाही, म्हणून त्याच्याशी माझं भांडण नाही.

सहा महिन्यांनी तरी बाळाने रात्रभर झोपावं, ही अपेक्षा सासूबाईंचीही असते आणि इंग्रजी पुस्तकांचीही. कॅनडातल्या एका अभ्यासाने २०१८ साली तिची परीक्षा घेतली. सहाव्या महिन्यात सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही सुमारे २८ टक्के झोपत नव्हती. न झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत वा बुद्धीत काही उणं सापडलं नाही. त्याआधी २०१० साली भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात आशियातली मुलं पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा झोपणारी, एकूण कमी झोपणारी आणि बहुतेक आईबापांच्याच खोलीत झोपणारी निघाली. बाळ कधी झोपतं यात निसर्गाइतकाच घराचा रिवाज असतो, हे या आकड्यांतून दिसतं. ज्याला आपण झोपेचा विकार समजतो ते पुष्कळदा त्या वयाचं साधं बाळपण असतं. त्रास खरा असतो, पण तो बाळाला नसून घराला होतो.

आणि घराचा त्रास मिटवण्यासाठी बाळाला गुंगवायचं, ही वाट फार जुनी आहे. तिचा सगळ्यात ठळक नमुना कापसाच्याच दुसऱ्या टोकाला सापडतो. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मापाची शकुंतला रेल्वे सुरू झाली. हा कापूस बंदरावर जाई, तसा मुंबईच्या गिरण्यांतही जाई. त्या गिरण्यांच्या वायंडिंग-रीलिंग खात्यांत हजारो बाया कामाला होत्या. दहा तासांची पाळी, घरी तान्हं मूल, सांभाळायला एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण. सकाळी निघताना आई बाळाच्या तोंडात अफूची छोटी गोळी घाली. तिला बाळागोळी म्हणत आणि ती उघड विकत मिळे. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणांची चौकशी करायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना नेमलं. त्यांच्या १९२२ सालच्या अहवालात जो आकडा आला त्याने तेव्हाही खळबळ उडाली होती: गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती.

हा आकडा वाचून त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. पण अफू खाल्लेलं मूल रडत नाही, भूक लागली तरी मागत नाही, आणि पाळी सुटेपर्यंत आईला नेमकं हेच हवं असे, कारण दुपारी घरी येऊन पाजण्याची मुभा तिला नव्हती. तिने गोळी निवडली नव्हती, पाळीने तिच्यासाठी ती निवडली होती. असं मूल दूध कमी ओढतं, वाळत जातं, त्याला बद्धकोष्ठ होतो, आणि गोळी जराशी मोठी झाली तर श्वासच थांबतो. अफूवरचे निर्बंध पुढे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच वर्षी नेमलेल्या शाही श्रम आयोगाने गिरण्यांत पाळणाघरं असावीत असं सुचवलं. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या कारखान्यांवर ती बंधनकारक झाली. बाळाची झोप आणि आईच्या कामाचे तास हा एकच प्रश्न आहे, हे त्या पिढीला उमगलं होतं. आपल्या काळात तो पुन्हा दोन कपाटांत गेला: झोप बालरोगतज्ज्ञाकडे आणि कामाचे तास कामगार खात्याकडे.

अफूची जागा आता दुसऱ्या वस्तूंनी घेतली आहे. त्यात जायफळ पहिलं. सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून गुटी देण्याची रीत अजून घराघरांत आहे, आणि बाळ झोपत नसेल तर जायफळाचे दोन वेढे जास्त द्यायचे हेही आजी सांगते. जायफळाने गुंगी येते हे आजीचं निरीक्षण खरं आहे. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते मेंदूवर काम करतं. पण दोन वेढ्यांत ते किती उतरलं, हे आजीला सांगता येत नाही आणि डॉक्टरलाही नाही. फळागणिक, हाताच्या दाबागणिक मात्रा बदलते. शिवाय सहाण, पाणी, बोट या सगळ्यांचे जंतू बाळाच्या पोटात जातात ते वेगळेच. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको, हा नियम जागतिक आरोग्य संघटनेपासून गावच्या अंगणवाडीपर्यंत सगळे सांगतात. गुटी त्या नियमात बसत नाही. मधही बसत नाही, आणि तो तर वर्षभर देऊच नये, कारण त्यातल्या जंतुबीजांनी तान्ह्या बाळाला स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

मग ग्राइप वॉटर. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने ते आणलं. मूळ पाककृतीत शेपाचं तेल, सोडा, साखर आणि ३.६ टक्के अल्कोहोल होतं. कित्येक पिढ्यांची रडारड ज्याने थांबली त्यात थोडी दारू होती, हे लोकांना फार उशिरा कळलं. आताच्या बाटलीत अल्कोहोल नसतं, आणि पोटशूळ वा झोप यावर तिचा भरवशाचा उपयोग झाल्याचा पुरावाही नाही. उरते ती गोडी.

जायफळ आणि ग्राइप वॉटरपेक्षा मला खरी भीती वाटते ती सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांची. पावसाळ्यात लेकराला सर्दी झाली म्हणून आणलेली बाटली सर्दी गेल्यावरही फळीवर राहते. तिच्याने लेकरू छान झोपतं हे घराला एकदा कळलं की रात्री झाकणभर द्यायची सवय लागते. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझीन अशी अॅलर्जीची औषधं सुस्ती आणतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत प्रोमेथाझीनने श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना काढली. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने कोवळी मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ते संकट विदर्भाच्या दारातलं होतं. झोपेसाठी तान्ह्या बाळाला द्यावं असं कोणतंही औषध नाही. हे वाक्य औषधाच्या दुकानांत पाटीवर लिहून लावावं इतकं ते महत्त्वाचं आहे.

पाश्चात्त्य देशांत वाद वेगळाच आहे. बाळाला रडू द्यावं की नाही? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ सालच्या पुस्तकात शिस्तीची बाजू घेतली. बोस्टनचे रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये तिला सौम्य केलं: बाळाला जागं असतानाच ठेवा, रडलं तर आधी थोड्या, मग जरा जास्त वेळाने जाऊन समजूत काढा, पण उचलू नका. मेलबर्नमध्ये अशा पद्धतींची नीट चाचणी झाली. झोपेचा त्रास असलेल्या ३२६ बाळांच्या कुटुंबांपैकी काहींना सात-आठ महिन्यांच्या वयात हे शिकवलं, बाकीच्यांना नाही. सुरुवातीला शिकवलेल्या घरांत झोप सुधारली, आयांचं मनही जरा सावरलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर २०१२ च्या अहवालात दोन्ही गटांत काहीच फरक उरला नव्हता, ना इजा ना फायदा. म्हणजे रडू दिल्याने मूल कायमचं दुखावतं हेही खरं नाही, आणि तसं न केल्याने ते कायमचं बिघडतं हेही नाही. या वादात जितका आवेश आहे तितका त्यात जीव नाही.

आपल्या घरात ही पद्धत बसतच नाही, हे साधं सत्य आहे. एका खोलीत आजी-आजोबा, थोरलं पोर, आई-बाप आणि तान्हं. बाळ दहा मिनिटं रडलं की शेजारीण दारात येते. आणि महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली आहेत. अशा ठिकाणी 'सहा महिन्यांनंतर रात्रीचं दूध बंद करा' हा सल्ला धोक्याचा आहे. किरकोळ वजनाच्या बाळाला रात्रीचं पाजणं लागतं, आणि दूध टिकवणारं संप्रेरक आईच्या अंगात रात्रीच जास्त असतं. कामावर जाणाऱ्या बाईचं बाळ दिवसभराची कसर रात्री भरून काढतं, ते तिने भरू द्यावं.

मग करण्यासारखं काय उरतं? बरंच, आणि त्यातलं पुष्कळ आपल्याकडे आधीपासून आहे. दिवसा बाळाला उजेडात, ओसरीवर, माणसांच्या आवाजात ठेवावं. सूर्य मावळला की दिवा मंद, आवाज कमी, आणि मोबाइल बाळाच्या डोळ्यांसमोरून दूर. झोपायच्या आधी रोज तोच क्रम: अंग पुसणं, हलकं चोळणं, पाजणं, अंगाई. असा ठराविक क्रम दोन आठवडे पाळल्यावर झोप लवकर लागते आणि रात्रीची जाग कमी होते, असं २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. त्याला पैसा बाळांची साबण-पावडर विकणाऱ्या कंपनीचा होता, हे ध्यानात ठेवायला हवं. पण आंघोळ-मालीश-अंगाई हा क्रम आपल्या बाळंतिणींच्या खोलीत कुठल्याही कंपनीच्या आधीपासून आहे. आपल्याच देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे सव्वाशे बाळांना निरनिराळ्या तेलांनी मालीश केलं तेव्हा नंतरची झोप सुधारली, आणि तिळाचं तेल सरस ठरलं. मोहरीचं तेल कोवळ्या कातडीला चांगलं नाही. टाळूवर तेल थापून दाबणं आणि कानात-नाकात तेल सोडणं या दोन गोष्टी मात्र बंदच व्हाव्यात.

कडेवर घेऊन फिरवणं ही तर आजीची खासियत. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली २१ बाळांवर मोजमाप करून तिची रीत बसवली. रडणाऱ्या बाळाला उचलून न थांबता पाच मिनिटं चालायचं. झोप लागली तरी लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं, मग ठेवायचं. लगेच ठेवलं की अंग सुटताक्षणी बाळाच्या हृदयाचे ठोके बदलतात आणि ते जागं होतं. बसून राहण्याची ही पाच-आठ मिनिटंच दमलेल्या आईला जड जातात. तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाने हात पुढे करावा.

झोळीबद्दल मात्र सावधच बोलायला हवं. वावरात बाभळी-निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून बाळ निजवलेलं विदर्भात कुठेही दिसतं, आणि त्या सावलीशिवाय आईला दुसरा आसरा नसतो. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, मान वाकते आणि लहानग्याची श्वासाची वाट अरुंद होते. मोठं भावंड झोके देताना लुगड्याची गुंडाळी गळ्याभोवती येते. झोळी वापरायचीच तर तळ रुंद आणि ताणलेला हवा, तोंड उघडं हवं, जवळ मोठं माणूस हवं. बाळ वळायला, बसायला लागलं की झोळी सोडावी. दुपट्यात गुंडाळतानाही छाती मोकळी आणि पाय दुमडता येतील इतके सैल असावेत. पाय ताणून आवळून बांधल्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो.

बाळाला उताणं झोपवणं हा विसाव्या शतकातल्या बालआरोग्याचा मोठा धडा. पालथं झोपवण्याची फॅशन पश्चिमेत होती. १९९० नंतर तिथे उताणं झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि झोपेत होणारे अचानक मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आपल्याकडे उताणंच निजवतात, ते तसंच चालू ठेवावं. उशी नको, मोहरीची तर नकोच. एकाच अंथरुणावर झोपावं का, यावर दोन मतं आहेत. अमेरिकी बालरोग संघटना खोली एक, अंथरूण वेगळं म्हणते. जेम्स मकेना यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात की स्तनपान करणारी, व्यसन नसलेली आई जवळ घेऊन झोपली तर तिची आणि बाळाची झोप एकमेकांच्या तालात चालते. मला दुसरं मत आपल्या घरांना जवळचं वाटतं, पण एका अटीवर. दारू प्यालेलं माणूस त्या अंथरुणावर नको. वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, यवतमाळ नाही. तिथे बायांनी 'स्वामिनी' या नावाने दारूबंदीसाठी चळवळ चालवली. तिच्या मागण्यांत लेकरांची झोप लिहिलेली नसली तरी ती त्यातच येते. सैल बाजेपेक्षा जमिनीवरची सतरंजी बरी, कारण बाजेच्या झोळात बाळ मोठ्यांच्या अंगाखाली घरंगळतं. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी. पावसाळ्यात मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच चावते, आणि खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच तिलाही अडवते.

यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला पोचतो, टिनाचं छप्पर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं असतं. अशा रात्री टोपडं-मोजे घातलेलं बाळ रडतं ते गरम होऊन. मानेवर हात लावून घाम आहे का पाहावं, एक सुती झबलं पुरे. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी हेही झोपेचं साधन नव्हे. धुराने बाळाची छाती भरते.

आता उलट बाजू, जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. नवजात बाळ जास्त झोपू लागलं, पाजायला उठेना, छाती ओढेना, अंग गार पडलं, तर घरात सगळे म्हणतात, 'लेकरू शांत आहे.' हा जंतुसंसर्गाचा इशारा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना अशा खुणा ओळखायला शिकवलं. ३९ गावांत त्यांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या प्रयोगातूनच आज आशाताईंच्या गृहभेटी आल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक. आशाताई आली की वजन, ताप, दूध तर विचारलं जातंच, 'झोप कशी आहे?' हेही तिला आवर्जून सांगावं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, कान ओढत रडणं, वजन न वाढणं, दिवसाला सहापेक्षा कमी लघवी, अति झोपाळूपणासोबत न ओसरणारी कावीळ, यातलं काही असेल तर तो झोपेचा प्रश्न नाहीच, दवाखान्याचा आहे.

सहा महिन्यांनंतर रात्री बेचैन राहणाऱ्या बाळाच्या रक्तात लोह कमी असण्याची शक्यता आपल्या भागात मोठी आहे. चिलीमधल्या अभ्यासांत लोहाच्या कमतरतेमुळे बाळांच्या झोपेची घडण बदललेली दिसली. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्ताक्षय आहे. त्यासाठी आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध देण्याची सरकारी योजना आहे. जायफळ उगाळायला बसण्याआधी ही बाटली मागून घ्यावी.

राहिली आई. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणं होती. झोपेने हरलेली आई आणि खचलेली आई यांतली रेघ फार बारीक आहे. तिला झोप येत नसेल, बाळ झोपलं तरी डोळा लागत नसेल, रडू थांबत नसेल, बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर ते 'बाळंतवात' म्हणून झटकू नये. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. या भागात रात्री आई बहुतेक एकटीच असते, हेही विसरून चालत नाही. शेतीच्या पंपाला वीज रात्रीची आली की नवरा ओलिताला जातो, पीक उभं असलं की रानडुकरांसाठी जागलीला जातो. शेतीला दिवसा वीज देण्याची योजना २०१७ पासून आहे. ती गावागावांत नीट पोचली तर बाप रात्री घरी राहील आणि लेकराचा एक फेरा त्याच्या खांद्यावर जाईल. महावितरणच्या वेळापत्रकाचा अभ्यास कुठल्याही बालसंगोपनाच्या पुस्तकात नसतो, पण आपल्याकडे तो असायला हवा.

नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराचा हक्क आहे. वेचणीला जाणाऱ्या बाईला यातलं काही लागू होत नाही. तिला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, वेचणीच्या हंगामापुढे ते पुरत नाहीत. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमावं, असं लिहून ठेवलं. ती सोय सरकारी कामापुरती, खासगी वावराला नाही. ऑक्टोबर ते जानेवारी एवढे चार महिने गावात एक खोली, एक-दोन सांभाळणाऱ्या बाया आणि दुपारी आयांना पाजायला येण्याची मुभा, इतकं ग्रामपंचायतीने आणि शेतमालकांनी मिळून केलं तर त्याला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी हेच शंभर वर्षांपूर्वी मागितलं गेलं होतं. महागाव तालुक्यातल्या आणि कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यातल्या ग्रामसभांनी येत्या हंगामाआधी हा विषय पत्रिकेवर घ्यावा.